बाबाची डच उजळणी

१४ एप्रिल

पुण्याच्या ऑफिसनं आज माझं काम परत पाठवलं. चूक माझी नव्हती, यंत्राची होती. पण यंत्राला कोण बोलणार? शब्द होता 'केलऑन्तस्तेकिंग'. घशाची सूज. यंत्र तो 'के-लॉन्त' असा सुरू करतं आणि तिकडचा डच माणूस ऐकून बुचकळ्यात पडतो. कारण 'केल' म्हणजे घसा हा एक शब्द, 'ऑन्तस्तेकिंग' म्हणजे सूज हा दुसरा. डच लोक शब्दाला शब्द जोडत सुटतात, मध्ये जागा म्हणून सोडत नाहीत. तेव्हा आधी सांधा शोधायचा, तिथे तोडायचं, मग एकेका शब्दाची अक्षरं पाडायची. केल. ऑन्त. स्ते. किंग. आणि जोर बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर. अक्षरं आधी पाडायला गेलं की सगळा घोळ होतो.

हेच माझं काम. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, माळ्यावरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून दिवसभर यंत्राचे डच शब्द ऐकायचे आणि त्याच्या चुकांवर खुणा करायच्या. पुढे हा आवाज आंधळ्या लोकांना पुस्तकं वाचून दाखवणार आहे म्हणे. डचमधला 'ग' घशातून येतो, खाकरल्यासारखा. शेजारची केसरमावशी परवा आईला विचारत होती, "नलू, तुझ्या पोरीला खोकला लागलाय काय गो? दिवसभर खाकरतंय."

खाली बाबा असतो. जानेवारीत त्याची अर्धी जीभ काढली, मग रेडिएशनचे शेक दिले. तंबाखूचं फळ. बंदरावर वीस-पंचवीस वर्षं लिलाव पुकारणारा माणूस आता पाण्यासाठी तांब्याकडे बोट दाखवतो. डॉक्टर म्हणाले, बोलायचा सराव करा, बरंच परत येईल. तो करत नाही. बोलायला गेला की लाळ गळते, मग तो चिडतो आणि तोंड फिरवतो.

मी ठरवलंय. यंत्राला शिकवते, तर बापाला का नाही? ऑगस्टमध्ये पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की पहिला लिलाव बाबा पुकारेल.

३ मे

पहिले आठ दिवस रडगाणं. 'त', 'न', 'ल', 'र', काही म्हणजे काही येत नाही. जिभेचं टोक नाही तर येणार कुठून? मी म्हणायचे "टोपली", तो म्हणायचा काहीतरी, मी म्हणायचे "पुन्हा". काल त्यानं टॉवेल फेकला.

आज गंमत म्हणून त्याला डच शब्द दिला. 'कोकबूक'. स्वयंपाकाचं पुस्तक. कोक आणि बूक, मध्ये सांधा. ओठ आणि घसा एवढंच लागतं. बाबा म्हणाला, "कोक-बूक." स्वच्छ! मग 'होख़बाउ' दिला, म्हणजे उंच इमारत. त्याचा 'ख़' माझ्यापेक्षा चांगला निघाला. मी दोन वर्षं पुण्यात क्लासला पैसे मोजले आणि ह्याला पहिल्या फटक्यात आला! मी सांगितलं, "बाबा, तिकडे बरेच लोक 'र'सुद्धा घशातूनच म्हणतात. तुझं बोलणं त्यांना कळंल."

बाबा हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. हसताना तोंड वाकडं होतं, पण हसला. मग म्हणाला, (तो काय म्हणतो ते मी इथे नीटच लिहिणार आहे, तसं ते नीट नसतं) "मंग मना तिकडंच ने. हिते कोणाला कळत न्हाय."

रोज जेवणाआधी शब्द घ्यायचे ठरलं.

२१ मे

दोन बातम्या. पहिली, कंपनी मला सप्टेंबरपासून वर्षभर डच लोकांकडे, उट्रेख्टच्या ऑफिसात पाठवणार आहे. मी ओरडतच खाली आले. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा काठी घेऊन बाहेर पडला आणि अख्ख्या आळीला सांगून आला. कसं सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळी सगळे विचारत आले, विमान कवा हाय?

दुसरी बातमी म्हणजे आजचा शब्द: 'व्हिसआफस्लाख़'. माशांचा लिलाव! व्हिस, आफ, स्लाख़. बाबाला सांगितलं की तिकडे लिलाव उलटा असतो. भाव वरून सुरू करतात आणि उतरवत आणतात, जो आधी थांबवेल त्याचा माल. त्याला ते मुळीच पटलं नाही. "मंग पुकारनारा काय करतो? लोकांना चढवायला नको?" मी म्हटलं, आता यंत्रच करतं. त्यानं हात झटकला. चांगला पुकारणारा गिऱ्हाइकाला चढवतो तसा उतरवतोही, असं त्याचं म्हणणं. कोणी हौसेनं भलतं बोलला की त्याला "खाली उतर, बाबा" म्हणायचं, नाहीतर तो उद्या येत नाही. एवढं सगळं बोलायला त्याला फार वेळ लागला. मी घड्याळ बघितलं नाही.

शब्द मात्र 'स्लाख़'ला अडला.

१० जून

माझा भाऊ विनेश, त्यानं बाबाला काल मुंबईला तपासणीला नेलं होतं. बंदीमुळे बोटी किनाऱ्यावर ओढल्यात, त्यामुळे त्याला वेळच वेळ. मीही येते म्हटलं तर म्हणाला, "तू तुझं काम कर गो, मी हाय ना." आज दुपारी परत आले. सगळं ठीक आहे म्हणाले. विनेशनं येताना माझ्यासाठी चाकाची मोठी बॅग आणली. सप्टेंबर अजून कुठच्या कुठे, पण हा भाऊ उतावळा नवरा. एरवी त्याच्या चार्जरला हात लावला म्हणून भांडणारा माणूस बॅग स्वतः माळ्यावर ठेवून गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. कांदा चिरत होती.

२७ जून

मला आज बाबाचा भयंकर राग आलाय.

गेले पंधरा दिवस त्याची गाडी मागे जात होती. 'कोकबूक'सुद्धा घोळवून म्हणतो. मध्येच कान धरतो. आई लसणीचं तेल गरम करून कानात घालते. पावसाची हवा, कान दुखतो म्हणे. गळ्याभोवती मफलर. बरं, तेही चालवून घेतलं. पण आज त्याचा टॉवेल धुवायला घेतला तर त्यावर तांबडे डाग! पान! अर्धी जीभ कापून दिली तरी हौस फिटली नाही! मी टॉवेल घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. पान खाल्लंस की नाही, सांग.

बाबा टॉवेलकडे बघत राहिला. आई म्हणाली, "सुचे, तो—" बाबानं हात वर करून तिला थांबवलं. मग मान हलवली. हो, खाल्लं.

कोणी आणून दिलं ते मात्र सांगेना. मी म्हटलं, परत खाल्लंस तर शब्द बंद. तेव्हा तो घाबरला. खरंच घाबरला, लहान पोरासारखा. कानाला हात लावून म्हणाला, "नाय खानार."

निदान एवढा धाक तरी आहे माझा.

१३ जुलै

आज त्याला आमच्या कंपनीतला बाप शब्द दिला: 'आरबाइट्सऑन्ख़स्ख़िक्तहाइट्सफरझेकरिंग'. काम करायची ताकद गेलेल्या माणसाचा विमा. नुसता बघितला तर जीव दडपतो, पण सांधे सापडले की तीनच तुकडे. आरबाइट्स, म्हणजे कामाचा. ऑन्ख़स्ख़िक्तहाइट्स, म्हणजे निकामी झाल्याचा. फरझेकरिंग, म्हणजे विमा. मधले 'स' हे दोन शब्द बांधणारी दोरी, ते मागच्या तुकड्याला धरून ठेवायचे. जोर पहिल्या 'आर'वर, मग सोडून द्यायचं, बाकीचं आपोआप घरंगळतं.

बाबाला म्हटलं, तुझी पुकार अशीच तोडायची. एका दमात म्हणायला जाऊ नकोस. 'सुरमईची टोपली'. थांब. 'बावीसशे'. थांब. पहिल्या अक्षरावर जोर.

त्यानं तीन वेळा केलं. चौथ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तोंड उघड नीट, तोंडच उघडत नाहीस तर आवाज कुठून येणार? मे महिन्यात तीन बोटं जायची तोंडात, आता एक जेमतेम जातं. सराव करत नाही, पेज पिऊन राहतो, मग जबडा आखडणार नाही तर काय? अंगही उतरलंय. आईला किती वेळा सांगितलं की घट्ट काहीतरी दे.

आई ताडकन म्हणाली, "बस कर गो आता! त्याचा तोंड हाय का तुझी मशीन हाय?"

मीही गप्प बसले नाही. म्हटलं, तुम्हाला त्याला असाच मुका ठेवायचाय का? पी हळद आणि हो गोरी होत नाही, माहीत आहे. पण हळद प्यायलाच नको म्हणता तुम्ही. आई परसात निघून गेली. ह्या घरात बाबा बरा व्हावा असं मला एकटीलाच वाटतं की काय, असा प्रश्न पडतो.

एक मात्र आहे. मी खाली यायच्या आधीच तो भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून, दुसरी खुर्ची समोर ओढून बसलेला असतो. एक दिवस चुकवलेला नाही.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. विनेशनं नारळ वाहिला. बाबा मिरवणुकीला आला नाही, ओट्यावरून बघितलं. मला चालेल. आवाज जपायला हवा.

१२ ऑगस्ट

जमलं! जमलं! जमलं!

काल विनेशची बोट पहिल्या खेपेचा माल घेऊन आली. आज सकाळी बंदरावर ही गर्दी. बाबानं पांढरी टोपी घातली, मफलर नीट गुंडाळला, विनेशनं दंडाला धरून त्याला टोपल्यांपाशी उभं केलं. मी मोबाइल घेऊन पुढे.

बाबा म्हणाला, "सुरमई." थांबला. "बावीसशे." बरोबर शिकवल्यासारखं! मला तर प्रत्येक अक्षर कळलं. केसरमावशी एकदम ओरडली, "तीन हजार!" बावीसशेवरून एकदम तीन हजार! त्यावर चिराग, तो अलिबागचा व्यापारी, जो पाच-पाच रुपयांवरून बायकांशी हुज्जत घालतो, तो म्हणाला साडेतीन. कोणीतरी मागून चार. एकही माणूस "काय म्हणतो?" म्हणाला नाही. टोपली साडेचार हजाराला केसरमावशीकडे गेली. विनेश म्हणाला, असा भाव गेल्या वर्षी दिवाळीलासुद्धा नव्हता. केसरमावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनाच आनंद झाला.

मी उड्या मारायचीच बाकी होते. उट्रेख्टच्या ऑफिसातल्या बाईंनासुद्धा कळवलं, माझी पद्धत माणसावर चालली.

बाबानं दुसरी टोपली पुकारली नाही. केसरमावशीकडे जरा वेळ बघत राहिला, मग टोपी काढून विनेशच्या हातात दिली आणि घरी चल अशी खूण केली. दमला असणार. वाटेत मी विचारलं, खूश ना? तो म्हणाला, "सुरमई मऊ व्हती."

मी म्हटलं, मग तर कमालच, मऊ पडलेल्या, शिळ्या माशाला एवढा भाव आणलास!

१५ ऑगस्ट

बाबा शब्दांना बसतो, पण मन नाही. बंदरावर जायचं नाव काढत नाही. विनेशनं दोनदा विचारलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "लोक भाव देतात." द्यायलाच हवा ना, मग? कधीकधी वाटतं, ह्याला सुखही दुखतं.

२० ऑगस्ट

काल विनेश बोटीवर होता, म्हणून तपासणीला मी नेलं. आई नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

बाबाला तपासून डॉक्टर मला आत घेऊन गेले. म्हणाले, आता दुखण्याचं औषध वाढवू, गळ्यातली गाठ फुटण्याची शक्यता आहे, घरी कसं सांभाळायचं ते सिस्टर समजावतील. मी म्हटलं, कसली गाठ? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जूनमध्येच तुमच्या भावाला सांगितलं होतं. परत आलंय, ऑपरेशन होण्यासारखं नाही. बाबांना स्वतःलाही सांगितलं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी नसता का?"

मी म्हटलं, घरीच असते.

गाडीत बाबा खिडकीपाशी बसला होता. पेणला त्यानं माझा हात घेतला. मफलर सरकला होता. गाठ लिंबाएवढी होती आणि मी रोज तिच्यासमोर बसत होते.

तो टॉवेल. ते पान नव्हतं.

२१ ऑगस्ट

आईशी भांडले. किंचाळलेच. अडीच महिने! मी काय परकी आहे? आई शांत होती, फार दिवसांनी शांत.

म्हणाली, "तू निघालेली होतीस. आपल्यात निघालेल्या मानसाला वाईट सांगत न्हाईत. बोट बंदरातून सुटली की मागं काय झालं ते तिला सांगायचं न्हाय, परत आली की सांगायचं. तुझा आजा गेला तवा बाबा तुझा दर्यावर व्हता. माल उतरून झाला, मंग सांगितलं आमी."

मी म्हटलं, मी दर्यावर नव्हते, माळ्यावर होते.

"त्यानंच शपथ घातली सगळ्यांना. आळीला, केसरला, त्या चिरागला पन. सगळ्यांना ठाव व्हतं गो."

सगळ्यांना माहीत होतं. साडेचार हजार. आता कळतंय बाबा केसरमावशीकडे तसा का बघत होता. मऊ सुरमईला तो भाव कोणी देत नाही. तो लिलावाचा भाव नव्हताच आणि ते बंदरावर माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं, बाबालाही. मी मोबाइलवर चित्रण करत होते.

२३ ऑगस्ट

दोन दिवस खाली शब्दांना गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? "पुन्हा", "तोंड उघड", "आळशीपणा करू नकोस", हे सगळं मी म्हटलंय. माझा कान चांगला आहे म्हणून मला पगार मिळतो. शब्दात श्वास कुठे अडकला ते मला ऐकू येतं. बापाचा अडकलेला ऐकू आला नाही.

आज गेले. तो ओट्यावर होता. विचारलं, "बाबा, एवढं दुखत होतं तर करत कशाला होतास? नाही म्हणायचंस. मी काय मारलं असतं?"

त्याला बोलायला खूप वेळ लागला. आता आवाजही फुटत नाही, नुसती हवा येते. मी ओठांकडे बघत होते. आधी सांधे शोधले, मग अक्षरं.

"तू समोर बसायचीस."

त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे बोट दाखवलं आणि पुन्हा म्हणाला, "दिवसभर ते कानाला. माझ्याकडं येताना काडायचीस."

मी तिथेच बसून रडले. मोठ्यानं, आळीला ऐकू जाईल असं.

१ सप्टेंबर

कंपनीला कळवलं, येत नाही. उट्रेख्टच्या बाईंनी चांगलं उत्तर दिलं, पण जागा राखून ठेवता येणार नाही म्हणाल्या. विनेशला सांगितलं, आईला सांगितलं. बाबाला नाही. तो अजून बॅगेकडे बोट दाखवून विचारतो, भरली का? मी म्हणते, भरतेय. आता ह्या घरात मीही त्यांच्यातलीच झाले.

६ सप्टेंबर

गाठ परवा फुटली. सिस्टरनं दाखवल्याप्रमाणे आई आणि मी पट्टी बदलतो. वास येतो. आई उदबत्ती लावते, मी खिडकी उघडते. औषधानं तो बराच वेळ झोपून असतो. आवाज संपला. हवासुद्धा येत नाही.

आज जेवणाच्या आधी जागा झाला, उशीला टेकून बसला आणि खाटेजवळच्या खुर्चीवर हात आपटला. बस. मी बसले, नुसती. हात हातात घेतला. तो मान हलवत राहिला, हे नाही. बोटं ओठांपाशी नेली. शब्द.

मी म्हटलं, "नको, बाबा. दुखतं तुला." त्यानं पुन्हा हात आपटला, रागानं. आई दारात उभी होती. म्हणाली, "घे गो. त्याला पायजे तर घे."

मी हेडफोन काढून खाली ठेवले आणि तो विम्याचा लांबलचक शब्द घेतला, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आर. बाइट्स. एकेक अक्षर मी म्हणायचे, मग थांबायचे. तो ओठ हलवायचा. त्यातून काहीच येत नव्हतं. ना 'आर', ना 'झे'. नुसते ओठ, आणि मध्येच दुखलं की डोळे मिटायचे.

प्रत्येक अक्षराला मी म्हटलं, "बरोबर." दहाच्या दहा वेळा. "बरोबर, बाबा. एकदम बरोबर."

शेवटच्या अक्षरानंतर त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी बंदरावर केसरमावशीकडे बघत होता तसाच. त्याला भाव कळतो. पण आज त्यानं टोपी काढून दिली नाही, घरी चल म्हणाला नाही. खुर्चीवर हात ठेवला आणि खुणेनं दुसरा शब्द घ्यायला सांगितलं.